सवयीचे पीक मुगाच्या मुदतीत

पाण्याने आपल्या भागाचे काय केले, हे दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. खडकवासल्याचा कालवा आला, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठाने मोटारी बसल्या, तिकडे घोड आणि चासकमानचे पाणी फिरले. जिथे बाजरी, मटकी, हुलगा निघत होता तिथे ऊस उभा राहिला. यवत-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे धडधडू लागली, गावोगाव दूध संकलन केंद्रे निघाली, घरापुढे मोटारसायकल आली. ही प्रगतीच आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण त्याच घराच्या कोनाड्यात आता देवाच्या तसबिरीशेजारी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांची पाकिटेही दिसतात. “हे शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचे आजार” असे आपले म्हातारे म्हणत. आता ते बांधावर येऊन बसले आहेत.

यावर आपण करतो काय? आजारातून उठलो, की मोठा संकल्प सोडतो. “उद्यापासून रोज पहाटे पाच किलोमीटर चालणार, साखर बंद, तंबाखू बंद, तेलकट बंद.” चार दिवस उत्साह टिकतो. पाचव्या दिवशी रात्रीची लाइट असते, पाणी धरायला जावे लागते, सकाळी उठवत नाही आणि संकल्प तिथेच मोडतो. मग “आपल्याच्यानं नाही होत बुवा” म्हणून सगळेच सोडून दिले जाते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शेतीत आपण असे वागतो का? नवे वाण आले म्हणून कोणी एकदम दहा एकरांत टाकत नाही. आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो. जमले तर पुढच्या वर्षी अर्धा एकर. आरोग्याच्या सवयीचेही तसेच आहे. एक लहान सवय निवडावी, ती रोजच्या ठरलेल्या कामाला बांधावी आणि तिला पिकाइतकी मुदत द्यावी. एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

मुदत किती?

लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर याचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी सवय निवडली. कोणी जेवणाबरोबर एक फळ, कोणी एक पेला पाणी, कोणी थोडा व्यायाम. रोज ठरलेल्या वेळी तेच करायचे आणि न आठवता, आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते पाहायचे. सरासरी निघाली ६६ दिवस. कोणाला १८ दिवसच लागले, तर कोणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा.

६६ दिवस म्हणजे किती? आपल्या हिशोबाने मुगाचे पीक. पेरल्यापासून साठ-पासष्ट दिवसांत मूग तोडणीला येतो. तेवढीच मुदत एका साध्या सवयीला द्यायची आहे. मूग पेरून आठव्या दिवशी कोणी शेंगा शोधत नाही. मग चार दिवस चालून वजन का घटले नाही, असे विचारण्यात काय अर्थ?

या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. पाण्याची एक पाळी हुकली म्हणून आपण पीक नांगरून टाकत नाही, पुढची पाळी वेळेवर देतो. इथेही तेच करावे.

सवय कशाला बांधायची?

“वेळच मिळत नाही साहेब,” हे उत्तर गावात दहापैकी आठ जण देतात आणि ते खोटे नसते. म्हणून सवयीसाठी नवी वेळ शोधूच नये. शेतकऱ्याच्या घरात काही कामे घड्याळाशिवाय ठरलेली असतात. पहाटेची धार, डेअरीला किटली नेणे, न्याहारी, मोटार चालू करणे, संध्याकाळची धार, दिवेलागण. ही कामे पाऊस असो की लग्नसराई, चुकत नाहीत. यांतल्या एखाद्या कामाच्या शेपटीला नवी सवय बांधली, तर ती आठवावी लागत नाही. बैलगाडीच्या मागे वासरू बांधले की ते आपोआप चालते, तसे. खाली अशा चार-पाच सवयी दिल्या आहेत. सगळ्या एकदम करायच्या नाहीत. घरात बसून विचार करावा आणि एक निवडावी.

१) किटलीआधी पेला

दूध हा आपल्या भागाचा रोख पैसा. दहा दिवसांनी पगार होतो आणि घर चालते. पण पुष्कळ घरांत असे दिसते, की दोन-तीन गाई गोठ्यात आणि घरातली गरोदर सून कोऱ्या चहावर. सगळे दूध केंद्रावर. यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते. किटली भरायची सवय लागली आहे, पेला भरायची लागलेली नाही, एवढेच.

पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली आपल्याच पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर महिलांचा अभ्यास सुरू केला. या महिला शेतात राबणाऱ्या, गरोदरपणाआधी सरासरी ४२ किलो वजनाच्या. त्यांची बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर होती. कोण किती खाते याची बारीक नोंद ठेवली गेली. २००१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो विचार करायला लावणारा आहे. नुसते पोटभर जास्त खाण्याशी बाळाच्या वजनाचा संबंध ठळक दिसला नाही. ज्या महिला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळे जास्त चांगल्या वजनाची होती. आई जितकी अशक्त, तितका पालेभाजीशी हा संबंध अधिक स्पष्ट होता. पुढे याच अभ्यासात असेही दिसले, की गरोदरपणात फार अंगमेहनत करणाऱ्या महिलांची बाळे वजनाला कमी भरली.

याचा अर्थ पालेभाजी म्हणजे जादूची मुळी असा नाही, आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद कराव्यात असा तर मुळीच नाही. अर्थ इतकाच, की “किती खाल्ले” याच्याइतकेच “काय आणि कितीदा खाल्ले” हे महत्त्वाचे. जन्मतः कमी वजनाच्या मुलाला पुढे मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हेही आता जगभर मान्य झाले आहे. म्हणजे कोनाड्यातल्या त्या गोळ्यांची सुरुवात काही प्रमाणात पन्नास वर्षांपूर्वीच्या चुलीपाशी झालेली असते.

म्हणून पहिली सवय अशी. धार काढून झाली की किटलीत ओतण्याआधी घरचा अर्धा लिटर बाजूला काढावा. तो उकळून घरातल्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि लहान मुलांना द्यावा. नंतर उरले ते डेअरीला. आधी डेअरी आणि मग उरले तर घर, असा क्रम ठेवला, की घराला कधीच उरत नाही. जड हंडा आणि वैरणीचा भारा त्या बाईच्या डोक्यावरून उतरवण्याची सवय घरातल्या पुरुषांनी लावून घ्यावी. तिला पैसाही लागत नाही.

२) मोरीच्या पाण्यावर पालेभाजी

पालेभाजी बाजारातून आणायची म्हटली तर आठवड्यातून एकदाच येते आणि दुसऱ्या दिवशी सुकते. घराजवळ दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढी जागा पुरे. भांडी धुतलेले पाणी तिकडे वळवावे. जागेचे चार वाफे करावेत आणि दर आठ दिवसांनी एका वाफ्यात मेथी, पालक, शेपू, तांदुळजा किंवा अंबाडी यांतले काही पेरावे. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे चौथा वाफा पेरेपर्यंत पहिला तयार होतो. भाजी स्वच्छ पाण्याने धुऊन आणि शिजवूनच खावी. परसात एक शेवगा लावला तर शेंगांबरोबर त्याचा पालाही भाजीला येतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आपल्या चहूकडे हिरवे असते, पण त्यातले ताटात काही येत नाही.

३) भाकरी, लिंबू आणि चहाचे अंतर

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे घराघरांत पैसा वाढला तरी रक्त वाढले नाही.

आपली बाजरी लोहाने भरलेली आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून लोहाचे प्रमाण जास्त असलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण दिले, ते २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलामुलींना देऊन पाहिली, तेव्हा चार महिन्यांतच त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारलेला दिसला. खरिपात जिरायत तुकडा रिकामा राहत असेल तर घरापुरती का होईना, बाजरी करावी. आठवड्यातले चार दिवस गव्हाची चपाती आणि तीन दिवस भाकरी असा क्रम असेल, तर तो उलटा करावा.

त्यातही दोन लहान गोष्टी पाळाव्यात. जेवताना भाजीवर किंवा आमटीत लिंबू पिळावे. लिंबामुळे धान्यातले आणि भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवण झाले की लगेच चहा घेऊ नये, निदान तासाभराचे अंतर ठेवावे. चहा ते लोह अंगी लागू देत नाही. न्याहारीला भाकरी आणि लगेच कपभर चहा ही आपली जुनी पद्धत. चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. तो धारेनंतर घ्यावा आणि न्याहारी तासाभराने करावी. मिठाचे प्रमाणही हळूहळू कमी करावे. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताटात वरून मीठ वाढणे बंद केले तरी सुरुवात होते.

४) बांधावरची फेरी

“आम्ही दिवसभर शेतात असतो, आम्हाला कसला व्यायाम?” हे जो स्वतः खुरपतो, पाणी धरतो, मोळ्या वाहतो त्याच्या बाबतीत खरे आहे. पण बागायतदाराने जरा मनाला विचारावे. लावण टोळीकडून, तोडणी टोळीकडून, नांगरट ट्रॅक्टरने, मोटार मोबाईलवरून चालू होते आणि शेतावर जायला गाडी. चालणे राहिले कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढ माणसाला आठवड्यात किमान दीडशे मिनिटे अंगाला घाम आणणारी हालचाल हवी. म्हणजे आठवड्यात पाच दिवस, अर्धा-अर्धा तास.

यासाठी ट्रॅकसूट घालून रस्त्याने चालायला लाज वाटत असेल तर वाटू द्या. गाडी शिवेच्या रस्त्यावर लावावी आणि मोटार चालू झाली की सगळ्या बांधांवरून एक फेरी मारावी. यात पिकाची पाहणी आपसूक होते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली आली. ती पोंग्यात लपते आणि लवकर सापडली तरच आटोक्यात येते. ठिबकची फुटलेली नळी, उसातला पांढरा लोकरी मावा, कामगंध सापळ्यात पडलेले पतंग, हे गाडीवरून दिसत नाही. जो रोज बांध फिरतो त्याची एखादी फवारणी तरी वाचते, आणि अंगातली साखरही फिरती राहते. ज्यांना हृदयविकार आहे किंवा गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

५) पंपाशेजारी साबण

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. उंच वाढलेले पीक, उकाडा, अंगावर साधा बनियन आणि औषधांचे भलते मिश्रण. आपल्याकडे कपाशी कमी असेल, पण भाजीपाला, डाळिंब, द्राक्षे आहेत आणि औषधे तीच आहेत. फवारणी करणाऱ्यांना सगळे नियम पाठ असतात, अडते ते सवयीपाशी. म्हणून एवढेच बांधून घ्यावे. फवारणीच्या पंपाबरोबर एका पिशवीत साबणाची वडी, लांब बाह्यांचा एक जुना शर्ट, हातमोजे आणि तोंडाला बांधायचे फडके कायम ठेवावे. पंप हलला की पिशवी हलली पाहिजे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. काम झाले की साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर डब्यासकट दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते.

आणि तंबाखू. फवारणीच्या हातानेच तळहातावर मळलेली तंबाखू म्हणजे विषावर विष. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतले बहुतेक ती खाणारे किंवा दातांना घासणारे. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींना हे व्यसन वाटतच नाही, ती त्यांना दात घासायची पद्धत वाटते. तिच्यातही तंबाखूच असते. सुरुवात म्हणून फवारणीच्या दिवशी पुडी घरी ठेवावी. मग न्याहारीनंतरची चिमूट सोडावी आणि तिथे बडीशेप किंवा भाजलेले जवस ठेवावे. थोडी तंबाखू चालते असे मात्र नाही, शेवट पूर्ण सोडण्यातच हवा. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

गावकारभाऱ्यांसाठी

काही सवयी एकट्या घराला लागत नाहीत, त्या गावाने लावाव्या लागतात. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले, तेव्हा सरपंचापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या हातात खराटा आला. ज्या गावांनी स्पर्धा संपल्यावरही आठवड्याचा एक दिवस पाळला, ती गावे आजही ओळखू येतात. ज्यांनी बक्षिसापुरते केले, त्यांच्या भिंतीवर नुसत्या घोषणा उरल्या.

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक याबाबत आठवण्यासारखे आहे. के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्य कार्यकर्ते बनवले. परक्या डॉक्टरने महिन्यातून एकदा सांगण्यापेक्षा शेजारणीने रोज दारात आठवण करणे जास्त उपयोगी पडते, हे ओळखण्यात त्यांचे मोठेपण होते. १९९३ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून आलेल्या आशाताई हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

ग्रामपंचायतीने तीन लहान कामे ठरवून घ्यावीत. एक, नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी रोज ठरलेल्या वेळी करावी आणि ती गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर करावी. टाकीजवळ क्लोरीन असते, वस्तीवर पोहोचेपर्यंत संपते. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला हवे. टी.सी.एल. पावडर उघडी किंवा ओलीत राहिली तर तिचा जोर जातो, ती बंद आणि कोरड्या जागी ठेवावी. दोन, शाळा-अंगणवाडीच्या नळापाशी साबण कायम असावा. दोरीला बांधलेल्या जाळीतली वडी हरवत नाही. तीन, बाजारच्या किंवा ग्रामसभेच्या दिवशी उपकेंद्राच्या ताईंना बोलावून तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचे बीपी आणि साखर मोजून घ्यावी. बीपी १४० आणि ९० च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे जावे. दुखत काहीच नसते, म्हणून माणूस गाफील राहतो आणि एक दिवस एक बाजू लुळी पडते. माती परीक्षणाचा नमुना आपण देतो, मग स्वतःचा का देऊ नये?

सुरुवात कशी करावी?

घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा आणि मजुरांचा हिशोब लिहितो, तिथेच ही नोंद करावी. निवडलेली सवय पाळली की त्या तारखेवर एक टिंब द्यावे. पोरांना हे काम दिले तर ती सोडत नाहीत, “आज्जा, आज टिंब नाही” म्हणून आठवण करतात. एखादे टिंब चुकले तर चुकू द्यावे, मात्र लागोपाठ दोन चुकू नयेत. पासष्ट-सत्तर दिवस झाले आणि सवय अंगवळणी पडली, की मगच दुसरी घ्यावी. वर्षात अशी तीन-चार पिके निघतात आणि ती काढायला कर्ज लागत नाही.

आज संध्याकाळची धार निघेल. किटली उचलण्याआधी पेला भरावा आणि दिनदर्शिकेवर पहिले टिंब द्यावे.